पोरं दुकानात यायच्या आधी फोनवर येऊन जातात

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचं आजोबांपासूनचं साड्यांचं दुकान आहे. करवतीच्या दातांसारख्या काठाच्या करवत काठी, टसर रेशमाच्या आणि सुती साड्यांसाठी लोक आम्हाला ओळखतात. जुनं गिऱ्हाईक टिकून आहे, पण वीस-पंचविशीतल्या पोरी येऊनच नाही राहिल्या. पुतण्याच्या सांगण्यावरून एका एजन्सीला महिन्याचे पंधरा हजार देऊन रील सुरू केले. एका रीलला ऐंशी हजार व्ह्यूज आले, पण गल्ल्यावर काहीच फरक नाही. आता एजन्सी म्हणते, इन्फ्लुएन्सर घ्या, भाषा अजून ‘जेन झी’, म्हणजे आजच्या तरुण पोरांची करा. ताई, अजून पैसा टाकू की बंद करू?
— एक दुकानदार, महाल

उत्तर : भाऊ, या महिन्यापुरता पैसा थांबवा. रील बंदच करा असं मी म्हणत नाही. पण त्याआधी करायचं काम निराळं आहे आणि त्याला पंधरा हजार लागत नाहीत.

तुमचं पत्र आल्यावर परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारी मुलगी शोधेल तसं मी तुमचं दुकान फोनवर शोधलं. गूगल मॅप्सवर दुकान सापडलं, पण पिन मागच्या गल्लीत पडली आहे. उघडण्याची-बंद होण्याची वेळ दिलेली नाही. फोटो एकच, तोही शटर पाडलेला असताना कुणीतरी काढलेला. एका मुलीने तिथेच लिहून ठेवलंय, ‘इथे खरी करवत काठी मिळते का? रेंज काय?’ तिला कुणी उत्तर दिलेलं नाही. इन्स्टाग्रामवर प्रत्येक साडीखाली ‘प्राइस डीएम’, म्हणजे किंमत हवी तर खासगी मेसेज करा. एवढं पाहून आयटी पार्कातली ती मुलगी मेट्रोने सीताबर्डीला उतरते आणि तिथूनच साडी घेऊन घरी जाते. ती तुमच्यापर्यंत आली होती, भाऊ. तुम्हाला कळलं नाही इतकंच.

ही पिढी जाहिरात पाहून येत नाही, तपासून येते. आज बावीस-तेवीस वर्षांची असलेली मुलं सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा सातवी-आठवीत होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या फोनवर दिवसभर कुणी ना कुणी काही ना काही विकतंय. त्यांचा संशय तिथून आलाय, आणि तो रास्त आहे. धरमपेठच्या माझ्या ऑफिसातली एक मुलगी भावाच्या हळदीसाठी साडी घेत होती तेव्हा मी शेजारीच बसले होते. तिने आधी सगळ्यात वाईट रिव्ह्यू वाचले. मग फोटो बोटांनी मोठा करून काठ पाहिला. स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, ‘ओरिजिनल वाटते का गं?’ किंमत लिहिलेली नव्हती तिथून ती लगेच बाहेर पडली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, ‘मॅडम, किंमत विचारली की पाच मेसेज येतात, आणि नाही म्हणायला लाज वाटते.’

हे वाक्य गल्ल्याशेजारी लिहून लावा. किंमत लपवल्याने गिऱ्हाईक बोलतं करता येतं, असं आपल्या बाजारात मानतात. समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते चालतही असेल. तरुण मुलीला मात्र ‘प्राइस डीएम’चा अर्थ एवढाच लागतो की माझा चेहरा पाहून भाव ठरणार. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्राचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही एकूण किंमत एका आकड्यात दाखवा असंच सांगतात. म्हणून पिन, वेळ, फोटो आणि किमती आज रात्रीच नीट करा. गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल फुकट आहे. किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हेही ते दाखवतं. ऐंशी हजार व्ह्यूजपेक्षा मला हे आकडे मोलाचे वाटतात.

आणि ते ऐंशी हजार व्ह्यूज देणारे लोक राहतात कुठे? एजन्सीला इन्स्टाग्रामचे इनसाइट्स, म्हणजे कुणी काय पाहिलं त्याचे आकडे, उघडून दाखवायला सांगा, त्यात शहरांची यादी असते. सुरत-जयपूरच्या माणसाने तुमचं रील पाहिलं तर इन्स्टाग्रामचा फायदा आहे, तुमचा नाही. रील किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी पुढे पाठवलं, तेही विचारा. साडी सेव्ह करून ठेवणारी मुलगी दिवाळीला परत येते.

आता भाषेबद्दल. तुमच्या रीलमध्ये मॉडेल मुली गाण्यावर गिरक्या घेतात आणि खाली इंग्रजी शब्दांची माळ असते. ते काढून टाका. पोरांसारखं बोलायचा आव पोरांना एका सेकंदात कळतो. त्यांना येत नाही आणि तुम्हाला येतं, ते दाखवा. करवतीच्या दातांसारखा काठ विणताना काठाचा आणि अंगाचा धागा वेगळ्या धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या शटलांनी) चालवून एकमेकांत अडकवतात, त्यासाठी तीन धोटे लागतात. साडी उलटी करून दाखवा. छापील काठ मागून फिका पडतो, विणलेल्या काठाचे दात दोन्ही बाजूंनी दिसतात. अस्सल रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबल कुठे असतं, ते जवळून दाखवा. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे, हे नागपुरातल्या किती मुलींना माहीत असेल? तुमचे विणकर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडचे असतील आणि त्यांची तयारी असेल, तर त्यांच्याच तोंडून बोलू द्या. काउंटरवर तुम्ही रोज हे सांगता, तसंच फोनसमोर सांगा. मॉडेल नको, संगीत नको. गिऱ्हाइकाने अस्सल-नक्कल ओळखायला शिकावं असं दुकानदाराला वाटतं, तेव्हा त्या दुकानावर विश्वास बसतो. हे मी अगदी मनापासून सांगतेय. इतवारीतल्या दुकानांची पॅम्प्लेटं लिहिण्यापासून मी या कामात आहे आणि तेव्हाही हेच खरं होतं.

अजून एक अडचण जाहिरातीने सुटणारी नाही. या मुलींना साडी आवडते, पण नेसता येत नाही, आणि ब्लाउज शिवायला वेळ नसतो. फॉल-पिको किती दिवसांत मिळेल ते लिहा. तयार ब्लाउज ठेवा. शनिवारी संध्याकाळी तुमच्या वहिनी किंवा काकू दुकानात बसून साडी नेसायला शिकवतील का, ते विचारून पाहा. फेअरवेलच्या मोसमात कॉलेजच्या पोरी मैत्रिणींना घेऊन येतील.

इन्फ्लुएन्सर घ्यायचीच असेल तर नागपूरचीच घ्या, फॉलोअर थोडे असले तरी चालेल. मात्र ती एरवीही साडी नेसणारी हवी. पैसे दिले किंवा नुसती साडी भेट दिली, तरी पोस्टवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फुकट दिलेली वस्तूही मोबदल्यात धरली आहे. लपवलेली जाहिरात मुलं ओळखतातच, आणि मग तिच्यासोबत तुमचंही नाव जातं.

बिलासाठी घेतलेले नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपात ढकलू नका. ‘नवीन माल आला की कळवू का?’ असं विचारा आणि हो म्हणतील त्यांचीच यादी करा. तसंही ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो.

प्रश्न : मी नंदनवनला घरून संत्रा बर्फी आणि केक करते. गिऱ्हाईक सगळं कॉलेजचं. फाइव्ह स्टार रिव्ह्यू देणाऱ्याला दहा टक्के सूट ठेवू का? मैत्रीण म्हणते, सगळेच करतात.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : नको गं. मोबदला देऊन रिव्ह्यू घ्यायला गूगलच्या नियमांत मनाई आहे. असे रिव्ह्यू काढून टाकले जातात, आणि त्यांच्यासोबत तुझी मेहनतही जाते. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये एक मानक काढलंय. शिवाय पन्नास रिव्ह्यू आणि सगळे पाच तारे, हे पाहून तुझं गिऱ्हाईकच शंका घेईल. डब्याच्या झाकणावर क्यूआर कोड चिकटव आणि ‘कशी झाली ते लिहा’ एवढंच छाप. किती तारे द्यायचे ते सांगू नकोस. बर्फीत ताज्या संत्र्याचा गर किती महिने असतो आणि बाकीच्या वेळी काय वापरतेस, तेही तिथेच लिही. कुणी ‘गोड जास्त’ असं लिहिलं, तर त्याच दिवशी त्याला उत्तर दे आणि पुढच्या खेपेला साखर किती कमी केलीस ते कळव.