खोल कोण: ‘डेटा’ की ‘डार्क’? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, राहणार नौपाडा. मुलाच्या मते ‘डार्क’इतकी खोल विज्ञान मालिका झालीच नाही. मला जुनी ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च वरचढ वाटते. निवाडा द्या.

कथानक किती गुंतागुंतीचं आहे, पात्रं कुठल्या तत्त्ववेत्त्याचं नाव घेतात, याला मी फारसे गुण देत नाही. प्रश्नाची किंमत कुणाला मोजावी लागते का, एवढंच पाहतो.

‘नेक्स्ट जनरेशन’चा १९८९ सालचा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग आठवून पाहा. डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, आणि जहाजावरचा अधिकारी. त्याचे भाग सुटे करून त्याच्यासारखी आणखी यंत्रं बनवायची एका शास्त्रज्ञाची इच्छा आहे. डेटाला नकार द्यायचा हक्क आहे का, यावर सुनावणी होते. त्याच्याविरुद्ध बाजू मांडायची वेळ येते ती त्याच्याच सहकारी मित्रावर, रायकरवर. रायकरने अंग काढून घेतलं तर डेटा सरळ मालमत्ता ठरणार, म्हणून तो मन लावून लढतो आणि भर सुनावणीत मित्राला बटण दाबून बंद करतो. रायकरचा तो चेहरा पाहा! डेटाला आत्मा आहे की नाही, हे ठरवायला न्यायाधीशबाई नकार देतात. ते शोधायचं स्वातंत्र्य मात्र त्याला देतात. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करत, ते जागोजागी जाणवतं.

‘डार्क’ही लेचीपेची नाही. विंडेन गावातला मुलगा वडिलांचा मृत्यू टाळायला भूतकाळात जातो आणि स्वतःच त्याचं निमित्त होतो. माणूस मनात येईल ते करू शकेल, पण मनात काय यावं हे त्याच्या हाती नाही, हा जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहाउअरचा विचार इथे एका कुटुंबाच्या मुळावर येतो. तिसऱ्या सीझनमध्ये मात्र वंशावळीचा तक्ता घेऊन बसावं लागतं. निवाडा तुमच्या बाजूने, पण अगदी थोडक्यात. मुलाला हे उत्तर दाखवू नका.

प्रश्न: ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. ‘सेव्हरन्स’ पाहिल्यापासून घरात वाद चालू आहे. ऑफिसमधला मार्क आणि घरचा मार्क ही दोन माणसं की एकच? नवरा म्हणतो, शरीर एक तर माणूस एक.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मेंदूत चिप बसवून या कर्मचाऱ्यांची आठवण दुभंगलेली असते. कामावरच्याला घर आठवत नाही, घरच्याला काम.

तुमच्या मिस्टरांना सांगा, हा वाद तीनशे वर्षं जुना आहे. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या आवृत्तीत एक प्रकरण नव्याने घातलं. एकाच शरीरात दिवसा एक जाणीव आणि रात्री दुसरी वावरत असेल, दोघींना एकमेकींचा पत्ता नसेल, तर ती दोन माणसं नव्हेत का, असं त्यात तो विचारतो. लॉकच्या हिशेबाने मार्क दोन. आपल्याकडे वेताळानेही विक्रमाला याच वळणाचं कोडं घातलं होतं: नवऱ्याचं आणि भावाचं डोकं चुकून एकमेकांच्या धडावर बसलं, आता बाईचा नवरा कोणता? विक्रम म्हणाला, ज्याला नवऱ्याचं डोकं तो. पण इथे डोकं एकच आहे, त्यामुळे विक्रमाचं उत्तर तुमच्या मिस्टरांच्याच कामी येतं.

मी तरीही लॉककडे झुकतो, ते मार्कच्या सहकारी हेलीमुळे. कामावरची हेली राजीनामा मागते, तेव्हा बाहेरची हेली व्हिडिओ पाठवून सुनावते की माणूस मी आहे, तू नाहीस, निर्णय मीच घेणार. दोघी एकच असत्या तर हे वाक्य कुणी कुणाला ऐकवलं असतं? आणि शरीर एक म्हणून ते ऐकून घेणारीने गप्प बसावं, हे मला पटत नाही. मालिकेची ताकद इथे आहे. दुसऱ्या सीझनमधल्या बकऱ्यांचं कोडं सुटलं काय, न सुटलं काय.

प्रश्न: खारघरच्या कॉलेजात शिकतो. यंत्राच्या जाणिवेवर लिहायचं आहे. ‘वेस्टवर्ल्ड’ घेऊ का?

पहिला सीझन घे, २०१६चा. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन जेन्सचा १९७६मधला सिद्धान्त त्यातल्या यंत्रमानवांना लावला आहे: प्राचीन माणसाला स्वतःचाच विचार देवाच्या आवाजासारखा ऐकू येई. मानसशास्त्रात तो फारसा स्वीकारला गेला नाही, पण गोष्टीला झकास आहे. पुढच्या सीझनमध्ये प्रेक्षकाला चकवण्याची हौस विचारावर मात करते.

प्रश्न: ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ शेवटी देवावर घालून मोकळी झाली. सगळी खोली वाया गेली ना? (वाशी)

शेवट मलाही आवडला नाही. पण २००६ साली सुरू झालेल्या तिसऱ्या सीझनमध्ये यंत्रांनी माणसांची वस्ती व्यापली आहे आणि आत्मघाती बॉम्ब लावतात ती माणसं, म्हणजे आपल्या बाजूची. अमेरिकी सैन्य इराकमध्ये असताना अमेरिकी प्रेक्षकाला त्या बाजूला बसवायला छाती लागते. २००९मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चासत्र झालं, ते काही शेवटच्या भागासाठी नव्हे. निर्माता रोनाल्ड मूर ‘स्टार ट्रेक’मध्येच तयार झाला, हेही आमच्या नौपाड्याच्या सरांच्या पारड्यात टाका.

प्रश्न: मुलगी तेरा वर्षांची. तिला ‘ब्लॅक मिरर’ दाखवावं का? (घोडबंदर रोड)

सरसकट नको, काही भाग या वयाला जड आहेत. ‘द ट्वायलाइट झोन’पासून सुरुवात करा. १९६०चा ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. गल्लीतली वीज जाते आणि शेजारी एकमेकांवरच परग्रहवासी असल्याचा संशय घ्यायला लागतात. तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप तिने पाहिला असेल, तर वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कृष्णधवल आहे म्हणून सुरुवातीला कुरकुर करेल, तेवढी सोसा.