बंद पडून राहिलेला मार्शल

प्रश्न : माझ्याकडे मार्शल कंपनीचा पन्नास वॅटचा जुना ब्रिटिश गिटार अ‍ॅम्प्लिफायर आला आहे. तो अनेक वर्षे वापरलेला नाही. त्याचा काळ कसा ओळखावा आणि तो लगेच सुरू करावा का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : लगेच सुरू करू नका. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) दीर्घकाळ विजेशिवाय राहिले की त्यांतील पातळ ऑक्साइड थर क्षीण होतो, आणि एकदम विजेचा पूर्ण दाब मिळाल्यास ते निकामी होऊन ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेऊ शकतात. कपॅसिटर तपासून, गरज असल्यास बदलून, मगच व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू वाढवावे. आत ४०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. म्हणून हे काम जाणकाराकडेच द्यावे. स्पीकर न जोडता मात्र अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता ओळखीविषयी. बटणांची पुढची पट्टी प्लेक्सिग्लासची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) असेल तर तो बहुधा १९६९ पूर्वीचा; त्या वर्षी कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीकडे वळली. पण पट्टी सहज बदलता येते, म्हणून मी तिच्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरवरील खुणांवर आणि तारांच्या जोडांवरील न छेडलेल्या मूळ सोल्डरवर अधिक विश्वास ठेवतो. पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या काचेच्या नळ्या) कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहा : जेटीएम ४५ या मार्शलच्या आरंभीच्या मॉडेलमध्ये आधी ५८८१ आणि नंतर केटी ६६, तर पुढच्या पन्नास वॅटच्या यंत्रांत ईएल ३४ ची जोडी आढळते. अर्थात व्हॉल्व्ह झिजतात आणि बदलले जातात, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नये. काढलेले मूळ भाग जपून ठेवा.