डोक्याला मार लागलेलं मूल समोर येईल तेव्हा

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस आणि पहिल्याच पत्रात विचारलंस, 'इथे सीटी स्कॅन नाही. डोक्याला मार लागलेलं मूल आलं तर मी करू तरी काय?'

खूप काही. पडताना मेंदूला बसलेला मार परत घेता येत नाही. पण त्यानंतर ऑक्सिजन किंवा रक्तदाब घसरून जी दुसरी इजा होते, ती तुझ्या हातात आहे. मान स्थिर धरून श्वासमार्ग मोकळा कर, ऑक्सिजन लाव. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब '70 अधिक वयाची दुप्पट' याच्या खाली जाता कामा नये. तान्ह्या बाळाच्या डोक्याच्या कातडीखालीच इतकं रक्त साठू शकतं की बाळ शॉकमध्ये जातं, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड टोचलेली मुलं अजूनही पाठवली जातात, याचा मला फार त्रास होतो. डोक्याला मार लागलेल्या प्रौढांवरच्या 2004 च्या 'क्रॅश' या औषधचाचणीत स्टिरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू वाढले होते. मुलांनाही ते देऊ नकोस.

जीसीएस, म्हणजे शुद्धीची पातळी सांगणारे 3 ते 15 मधले गुण, 8 किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत नळी घालून, न्यूरोसर्जनशी बोलून लगेच पाठव. बाकीच्यांचा जीसीएस दर अर्ध्या तासाने पाहा आणि वेळेसकट लिही. पडलं, रडलं, मग बिस्कीट खाऊन खेळलं आणि दोन तासांनी गुंगायला लागलं, अशा मुलाच्या कवटीखाली रक्ताची गाठ वाढत असू शकते. ती वेळेत काढली तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. आई म्हणाली, 'हा नेहमीसारखा नाही', तर तेही केसपेपरवर लिही.

प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. अमेरिकेत 42,000 हून अधिक मुलांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. जीसीएस 14-15 असलेल्या त्या मुलांत गंभीर इजा शंभरात एकालाही नव्हती.

कसं लागलं, हे नीट विचार. बिनकठड्याची गच्ची, संक्रांतीचे पतंग, दुचाकीच्या टाकीवर बसवलेलं मूल, हे नेहमीचं. चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान, नऊ महिन्यांपासूनच्या मुलाला 2023 पासून हेल्मेटबरोबर हार्नेसही (चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा) लागतो, आणि वेग ताशी 40 च्या आत. हे आईबापांना तूच सांग, दुसरं कोणी सांगत नाही. तीन महिन्यांचं बाळ 'स्वतःच कूस वळून पडलं' असं सांगितलं, तर मात्र थांब. त्या वयात सहसा ते जमत नाही, म्हणून कोणी बाळाला इजा केली नाही ना, ही शंका घे. बाळाला पूर्ण उघडं करून तपास, जुने व्रण शोध, वरिष्ठांना कळव.

लहान मेंदू भरून येतो, असं लोक मानतात. सौम्य मारातून बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात, हे खरं. पण फार लहान वयातला गंभीर मार पुढे चौथी-पाचवीत अभ्यास वाढल्यावर दिसतो. लक्ष लागत नाही, राग आवरत नाही, आणि शाळा त्याला आळशी ठरवते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर शिक्षकांसाठी दोन ओळी लिही आणि तीन महिन्यांनी परत बोलाव.

तुझे
सर