येझदीवरून पुन्हा तुळजापूर

प्रश्न : वडिलांच्या येझदी मोटरसायकलवरून आम्ही सोलापूरहून पुण्याला जात असू; भिगवणला उतरलो की जळक्या तेलाचा वास कपड्यांना चिकटलेला असे. तीच गाडी आता तुळजापूरला न्यायची आहे. काय जपावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तो वास आम्हालाही फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून आधी तेलाचेच सांगतो. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर टू-टी ऑइल मोजूनच मिसळावे. खरी काळजी परतताना घाट उतरताना घ्यावी, कारण अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरमध्ये वेगाने उतरवली, तर इंजिन जोरात फिरते, पण तेल पुरेसे पोहोचत नाही आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, म्हणून दुरुस्तीत काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका.