डच बायका ती टोकदार पांढरी टोपी अजून घालतात का?

आधी एक सांगते, तिला 'डच टोपी' म्हणू नका. ती फोलेंडामची 'हुल'. ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेचं हे कोळ्यांचं गाव. १८८१ मध्ये तिथे हॉटेल स्पान्डर निघालं, चित्रकार येऊन राहू लागले, त्यांच्या चित्रांतून ती जगभर गेली आणि शेवटी अख्ख्या देशाच्या माथी मारली गेली.

ही चूक मीही केली आहे. आम्ही नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात, खूस गावात राहतो. लेकीच्या शाळेत जुन्या पोशाखांचा दिवस होता. मी दुकानातून हुल आणून तिच्या डोक्यावर चढवली. शेजारच्या आजींनी दारातच अडवलं. "ही आमची नाही," एवढंच म्हणाल्या. मग घरात नेऊन कपाटातून त्यांच्या आईची टोपी काढली. शिंपल्यासारखी मोठी, गोल, खळ दिलेली लेस. प्रोटेस्टंट बाईची अशी गोल, कॅथलिक बाईची चौकोनी. आमच्या या दक्षिण बेव्हलंड भागात बाई कुठल्या चर्चची ते लांबूनच कळायचं. कानशिलापाशी सोन्याचे दोन पत्रे. ती आतल्या 'ओरआयझर'ची टोकं. टोपी जागेवर राहावी म्हणून घालायची ही धातूची पट्टी. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात १९व्या शतकात ती इतकी रुंद होत गेली की जवळजवळ सगळं डोकं सोन्याखाली जायचं. अशा टोप्या धुऊन, खळ देऊन, आकारात बसवून देणं हा काही बायकांचा धंदाच होता. आजींनी ती लेकीला घालू दिली नाही. बरोबरच केलं. लेक दोन वेण्या घालून शाळेत गेली.

नंतर नणंद आली. फोलेंडामच्या स्टुडिओत हुल घालून फोटो काढला आणि म्हणाली, "वहिनी, हे सगळं पर्यटकांसाठीच असतं." तेव्हा मी गप्प बसले. स्टुडिओतली टोपी पर्यटकांची असेलही, पण आजींची आई तिची टोपी घालून दर रविवारी चर्चला जायची.

आता रस्त्यात टोपी दिसेल अशी आशा ठेवू नका. स्टाफोर्स्टसारख्या गावात मोजक्या म्हाताऱ्या बायका जुन्या वेशात दिसतात, तेवढंच. मिडलबर्गचं झीलंड संग्रहालय किंवा एंकहाउझनचं झाउडरझी संग्रहालय बघा. फोटोही काढा, पण खाली 'फोलेंडाम' लिहा. नणंदेच्या फोटोखाली अजून 'डच पोशाख' आहे. मी तिला दोनदा सांगितलंय.