सुपातली तंबाखू आणि हातातला फोन

"फोन दिल्याशिवाय पोरगं घासच घेत नाही, काय करू?" आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सोलापूरचा पूर्व भाग. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. आई घरी विड्या वळते. मुलगा चार वर्षांचा, घरात आजी. आई म्हणाली, "मॅडम, फोन काढून घेतला की डोकं आपटून घ्यायलंय बघा. आणि बोलतंय पण कार्टूनवाणी, 'मम्मी, मुझे भूख लगी है.' सासूबाईंना वाटतंय, लई हुशार झालाय."

आधी मी मुलाकडं पाहिलं. हाक मारली की वळत होता, हवी ती वस्तू बोटानं दाखवत होता, आईच्या डोळ्यांत बघून हसत होता. हे नसतं तर मी त्याला सरळ बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं असतं.

मग मी चूक केली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलेलं प्रमाण ऐकवलं: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, त्यापुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर चांगलंच. वर छापील वेळापत्रक दिलं. आईनं मान डोलावली आणि पंधरा दिवस फिरकली नाही.

परत आली तेव्हा मी वेळापत्रक बाजूला ठेवलं. म्हटलं, "ताई, फोन कधी दिला आणि तेव्हा तुम्ही काय करत होता, एवढंच लिहून आणा." विड्यांचा हिशेब असतो त्याच वहीच्या मागच्या पानावर तिनं लिहून आणलं. सकाळी दहा ते एक, फोन. दुपारी चार ते सहा, फोन. रात्री जेवताना, फोन. पहिल्या दोन्हींसमोर एकच शब्द होता: सूप.

"सूप मांडीवर असलं की हा येऊन तंबाखूत हात घालतंय, कात्री उचलतंय. फोन दिला की एका जागी बसतंय."

म्हणजे मुलाला तंबाखूपासून लांब ठेवायचं काम फोन करत होता, आणि मी बदली माणूस न देताच त्याला कामावरून काढायला सांगत होते! हजार विड्या पुऱ्या व्हायच्या म्हणजे दिवसभर मान वर निघत नाही. त्या बाईला आळशी ठरवणं सोपं असतं, एवढंच.

अंगणवाडीत नाव होतं, पण घरी शांत बसतोय म्हणून कुणी पाठवत नव्हतं. तो जाऊ लागला. पान कापायचं आणि वळायचं बरंचसं काम त्या वेळात आलं. दुपारी आजी त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागली. गुडघे दुखतात म्हणून आधी कुरकुरली, मग शेजारणी जमल्यावर तीच उठेना.

जेवणाचं कोडं वहीतच सापडलं. साडेपाचला बिस्किटाचा पुडा, आणि आठला ताट. भूक लागणार कधी? पुडा बंद केला. ताट वीस मिनिटं समोर ठेवायचं, भरवायचं नाही, मग न रागावता उचलायचं. पहिल्या रात्री चार घास गेले. आजीनं माझा उद्धार केला असणार.

तिसऱ्या दिवशी रडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. बहुतेक घरं इथंच मोडतात. अर्धा तास रडल्यावर फोन मिळाला, तर मूल एवढंच शिकतं की पुढच्या वेळी अर्धा तास रडायचं. आईला सांगितलं, डोकं आपटायला लागला की खाली चादरीची घडी सारा, जवळ बसा, पण समजावत बसू नका. आठव्या-नवव्या दिवशी त्यानं दह्यात शेंगाचटणी कालवून भाकरीचा तुकडा स्वतः तोंडात घातला, तेव्हा तिनं मला फोन केला.

अवघड गेलं ते वडिलांचं. बारा तास मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस घरी येऊन आडवा होतो आणि फोन उघडतो. त्याला काय बोलणार? मीही रात्री तेच करते. एवढंच ठरलं की मूल झोपेपर्यंत फोन दाराच्या वरच्या फळीवर राहील. ते कधी पाळलं जातं, कधी नाही. पण एक दिवस त्यांनी कारखान्यातून सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणल्या.

पुढच्या भेटीत मुलानं त्या माझ्या खोलीत ओळीनं उभ्या केल्या. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मिरवणुकीनं निघतात ते उंच काठ्यांचे सात नंदीध्वज. "हर्र बोला हर्र!" कांड्या सहाच होत्या. वडील म्हणाले, "सात लागतात रे." त्यानं माझ्या टेबलावर नजर फिरवली. फोन तिथंच होता. त्यानं पेन उचललं.

मामाकडं गेला की अजून फोन मिळतो. पुढच्या वेळी मामाला घेऊन या म्हटलंय.