‘हाय टेन्शन बोल्ट’ आणि ताणाचे गोत्र

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, बिलांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘हाय टेन्शन बोल्ट’ असे लिहिलेले असते, डिप्लोमा करणारा त्यांचा मुलगा मात्र ‘हाय टेन्साइल’ (म्हणजे ओढ झेलण्याची ताकद जास्त असलेला) म्हणा असा आग्रह धरतो, आणि ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मराठी पाटीसाठी ‘उच्चतन्य बोल्ट’ हा शब्द सुचवला आहे. तर यांतले बरोबर काय? मुलाचे बरोबर, पाट्यांचे चूक आणि प्राध्यापकांचे त्याहून चूक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात घटकाभर उभे राहिले तरी ‘टेन्शनचे दोन डझन द्या’ असे कानावर येते, आणि देणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही, याची चीड अधिक येते.

‘टेन्शन’चा काळजी हा अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो सोडून देऊ. बोल्टाला हे नाव कसे चिकटले, याविषयी माझे एक अनुमान आहे. कारखान्यात मूळ नाव पूर्ण न येता ‘एचटी’ एवढी आद्याक्षरेच आली असावीत. विजेच्या खांबावरची ‘एचटी लाईन’ तोवर सर्वांच्या परिचयाची झालेली होती, त्यामुळे त्या आद्याक्षरांचा जो विस्तार लोकांना माहीत होता तोच बोल्टालाही लागला. विजेचे ‘टेन्शन’ म्हणजे व्होल्टेज, आणि त्याचे मराठी करताना परिभाषाकारांनी ‘उच्चदाब वाहिनी’ असा शब्द घडवला. विजेपुरता तो चांगला आहे. परंतु यंत्रशास्त्रात दाब आणि ताण या परस्परविरोधी गोष्टी आहेत: खांबावर छताचा दाब येतो, मोटेच्या नाड्यावर ताण येतो. एकाच इंग्रजी शब्दाचे मराठीत दोन उलटे अर्थ करून ठेवल्यावर पाटी रंगवणाऱ्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

‘उच्चतन्य’ची बाब याहून गंभीर आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘तन्यता’ म्हणजे धातूची तार काढता येण्याचा गुण, आणि हाय टेन्साइल बोल्टात नेमका तोच गुण कमी असतो. बोल्टांची ताकदीनुसार जी वर्गवारी असते तिला ग्रेड म्हणतात (तिचे आकडे पुढे उलगडतो); त्यातल्या ४.६ ग्रेडच्या साध्या बोल्टाचे पोलाद तुटण्यापूर्वी किमान २२ टक्के लांबले पाहिजे अशी अट आहे, ८.८ ला १२ टक्के पुरतात आणि १२.९ ला केवळ ८. म्हणजे ‘उच्चतन्य’ हे नाव द्यायचेच असेल, तर ते गेटच्या बिजागरीच्या स्वस्त बोल्टाला द्यावे लागेल. प्राध्यापकांनी धातू संस्कृत घेतला, पण पोलाद विचारात घेतले नाही.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतले, त्या मुद्द्याकडे येतो. ‘टेन्साइल’ आणि ‘टेन्शन’ हे दोन्ही शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आले ते ‘तेंदेरे’, म्हणजे ताणणे. आणि आपला ‘ताण’ संस्कृत ‘तन्’ धातूवरून आला. हे दोन्ही धातू एकाच प्राचीन मुळाचे आहेत. ‘टेन्शन हा संस्कृतातूनच इंग्रजीत गेला’ असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान आपल्याकडे आहेत, आणि ‘ताण हे टेन्शनचेच मराठी रूप’ म्हणणारेही आहेत. दोघांनीही चुलत भावंडांना बाप-लेक ठरवले आहे. या घराण्याचा पसारा मोठा आहे. इचलकरंजीच्या मागावर जे उभे सूत ओढून धरलेले असते तो ‘ताणा’, त्यातला धागा ‘तंतु’, आणि संस्कृतात ‘तंत्र’ या शब्दाचा एक जुना अर्थ मागच आहे, त्यामुळे ‘तंत्रज्ञान’ हा शब्दही मुळात विणकरांच्याच घरातला ठरतो. अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या कोल्हापुरात दरबारी गायक म्हणून वास्तव्य केले, तिथल्या श्रोत्यांना गाण्यातली ‘तान’ वेगळी सांगायला नको. इंग्रजी ‘टोन’ ग्रीकमार्गे त्याच मुळाशी पोहोचतो.

यातला मला सर्वांत प्रिय शब्द मात्र ‘तनु’ हा आहे. संस्कृत ‘तनु’, लॅटिन ‘तेनुइस’ आणि इंग्रजी ‘थिन’ हे तिन्ही एकाच मुळाचे, आणि तिन्हींचा अर्थ बारीक. जे ताणले जाते ते बारीक होते, हे त्या प्राचीन भाषिकांनी सूत ओढताना पाहिले असेल. लोखंडात पाहायचे असेल तर एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये यूटीएम, म्हणजे धातू ओढून तपासणाऱ्या यंत्रापाशी उभे राहावे. पोलादाचा तुकडा दोन्ही टोकांनी पकडून यंत्र ओढू लागते. बराच वेळ डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, काटा तेवढा चढत राहतो. मग तुकड्यावर एके ठिकाणी अचानक कंबर पडते, काटा मागे येऊ लागतो, आणि मोठा आवाज होऊन तुकडा त्याच बारीक जागी तुटतो. ‘ताण’ आणि ‘तनु’ यांचे नाते सांगायला याहून चांगला कोश मला माहीत नाही.

राहता राहिली बिलाची गोष्ट. भारतीय मानक आयएस १३६७ च्या तिसऱ्या भागात बोल्टांची वर्गवारी आकड्यांनी केलेली आहे. ‘हाय टेन्साइल’ हे बाजारातले नाव असून साधारणपणे ८.८ आणि त्यावरच्या ग्रेडना ते लावतात. डोक्यावर कोरलेले ८.८ म्हणजे माप नव्हे, हेही काही जणांना सांगावे लागते. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की ताणसामर्थ्य, म्हणजे तुटण्यापूर्वी झेलता येणारा ताण मिळतो: इथे ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या आठ दशांशापर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, ताण गेला तरी बोल्ट कायमचा लांबत नाही. एम १०, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टाच्या आट्यांपाशी ताण झेलणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर धरतात, त्यामुळे ८.८ चा असा बोल्ट तोडायला सुमारे पावणेपाच टनांची ओढ लागते, आणि तेवढ्याच जाडीचा ४.६ चा बोल्ट त्याच्या निम्म्यात तुटतो. तेव्हा ‘टेन्शन’ही नको आणि ‘टेन्साइल’ही नको, ‘एम १०, लांबी ५०, ग्रेड ८.८’ असे लिहिले की चुकीचा माल गळ्यात पडला तर परत करता येतो.

नटावर मात्र एकच आकडा असतो, ८.८ च्या बोल्टाला ८ चा नट. त्यालाही ‘हाय टेन्शन नट’ म्हणतात, ते दुप्पट चूक आहे. कारण आवळल्यावर बोल्ट ताणला जातो, पण नट दाबला जातो. बिलात ‘एम १० नट, ग्रेड ८’ एवढेच लिहावे.